टायमिंग चेन बदलताना: थंड इंजिनवर मोकळीक किती ठेवायची आणि कोणता भाग कशाचा हवा

"चेन लोखंडाची, तापली की लांबणार, तेव्हा बसवतानाच चांगली ताणून बसवा." टायमिंग चेनबद्दल, म्हणजे तळाच्या क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) फिरण्याने वरचे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) फिरवणाऱ्या साखळीबद्दल, गोव्यात मडगावपासून म्हापशापर्यंत हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. चेन लांबतेच. पण ज्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉक-हेडवर (सिलिंडरांचा ठोकळा आणि त्यावरचे डोके) ती फिरते, ते तापल्यावर तिच्या जवळजवळ दुप्पट वाढते. त्यामुळे इंजिन तापल्यावर चेन सैल पडण्याऐवजी ताणली जाते. थंड इंजिनवर बोटाला जी थोडी ढिलाई लागते, ती या वाढीसाठी राखलेली जागा आहे. टेन्शनरमागे (चेनला बाजूने दाबून ताण ठेवणारा भाग) वॉशर घालून, त्याचा प्लंजर (पुढे येणारा दांडा) ठोकून किंवा रॅचेटचे (प्लंजर मागे जाऊ न देणारे दाते) दोन दात जास्त काढून ती जागा खाल्ली, की अनमोडचा घाट चढतानाच गाईड (चेन ज्यावरून सरकते ती नायलॉनची पट्टी) घासू लागते.

आधी गाडीत चेनच आहे ना, हे पाहा. टॅक्सीत चालणाऱ्या जुन्या २.५ लिटर डिझेल इनोव्हात टायमिंग बेल्ट असतो, २.४ लिटरच्या क्रिस्टात चेन. ब्लॉक कशाचा आहे हेही माहीत हवे. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. जुन्या डिझेल स्विफ्टमधल्या १.३ लिटर इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. खालच्या हिशेबात या फरकाला महत्त्व आहे.

## १. उघडण्याआधी आवाज ओळखा

चेनचे काम काढण्यापूर्वी गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळचा पहिला स्टार्ट स्वतः ऐका. गिऱ्हाईक "खडखड येते" एवढेच सांगते. ती कधी येते आणि किती वेळ टिकते, हे तुम्हालाच पाहावे लागते.

स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड येऊन थांबत असेल, तर टेन्शनरमधले ऑइल रात्रीतून उतरले आहे. याचे सर्वांत स्वस्त कारण ऑइल फिल्टर. चांगल्या फिल्टरात ऑइल परत खाली जाऊ नये म्हणून रबरी पडदा असतो. हलक्या फिल्टरात तो कडक होतो किंवा नीट बसत नाही. आधी योग्य ग्रेडचे ऑइल आणि खात्रीचा फिल्टर घालून दोन-तीन दिवस पाहा. निम्मी कामे इथेच मिटतात, आणि ती मिटवणारा मेकॅनिक गिऱ्हाईक विसरत नाही.

खडखड पंधरा-वीस सेकंद टिकत असेल, किंवा स्कॅनरवर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नसल्याचे पी००१६ किंवा पी००१७ कोड येत असतील, तर चेन, गाईड आणि टेन्शनर उघडून पाहावे लागतील. त्याआधी एकदा डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर नवा टेन्शनरही वाजेल.

"थंडीमुळे वाजते" ही सबब गोव्यात चालत नाही. इथली पहाट थंडीतही साधारण वीस अंशांची, एरवी त्याहून गरम. त्या तापमानाला जी चेन वाजते, ती झिजली आहे किंवा तिच्या टेन्शनरपर्यंत ऑइल पोचत नाही.

## २. वाढीचा हिशेब एकदा हाताने करा

सूत्र एकच: लांबी × धातूचा वाढीचा आकडा × तापमानातला फरक. दर अंशाला, दर मीटरमागे साधारण वाढ अशी: ओतीव ॲल्युमिनियम २२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), स्टील १२, बीड ११, गाईडच्या सरकपट्टीचे साधे नायलॉन सुमारे ८०.

समजा क्रँकच्या केंद्रापासून कॅमच्या केंद्रापर्यंत ४०० मिमी अंतर आहे आणि इंजिन ३० अंशांवरून १०० अंशांवर गेले. फरक ७० अंश.

- पूर्ण ॲल्युमिनियम इंजिन: अंतर ०.६२ मिमीने वाढते. चेनची तेवढीच लांबी फक्त ०.३४ मिमीने वाढते. चेन खाली येते आणि वर जाते, म्हणून फरक दोनदा मोजायचा: सुमारे ०.५६ मिमी.
- २०० मिमी बीड आणि २०० मिमी ॲल्युमिनियम: अंतर ०.४६ मिमीने वाढते. दोन्ही बाजू मिळून फरक सुमारे ०.२५ मिमी.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण हा फरक टेन्शनरला भरायचा असतो आणि टेन्शनर चेनला मधोमध बाजूने दाबतो. ३०० मिमीच्या सरळ भागात चेन २० मिमी आत दाबलेली असेल, तर लांबीतल्या अर्ध्या मिलिमीटरसाठी आर्मला (टेन्शनर ज्याला ढकलतो ते हलते गाईड) सुमारे २ मिमी सरकावे लागते. मागे जायला ही दोन मिलिमीटर जागा ठेवली नाही, तर ताण गाईडच्या नायलॉनवर आणि कॅमच्या बेअरिंगवर येतो.

दुसरा गोंधळ "चेन लांबली" या शब्दाचा. १२०० मिमीची चेन ७० अंशांनी तापली की १ मिमीने वाढते आणि थंड झाली की पूर्ववत होते. कायमची लांबी वाढते ती वेगळ्या कारणाने: प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश झिजून. स्टीलच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. म्हणून लांबलेली चेन गरम करून, ठोकून किंवा एक कडी काढून सुधारत नाही.

## ३. भाग आणताना

फक्त चेन आणू नका. चेन, क्रँकचे स्प्रॉकेट (दातेरी चक्र), कॅमची स्प्रॉकेटे, स्थिर गाईड, हलता आर्म, टेन्शनर, टेन्शनरची गॅस्केट किंवा ओ-रिंग, पुढच्या कव्हरचे सिलिकॉन, क्रँकचे पुढचे ऑइल सील, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट, ऑइल आणि फिल्टर एवढे एकत्र लिहून घ्या. क्रँक पुलीचा बोल्ट अंशाच्या कोनाने घट्ट करायचा असेल, तर तोही नवा. कॅमच्या टोकाला व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल तर ते स्प्रॉकेट महाग पडते. त्याचे दात धारदार किंवा आकड्यासारखे वाकलेले नसतील आणि आतले लॉक नीट बसत असेल, तर ते ठेवता येते. क्रँकचे छोटे स्प्रॉकेट मात्र ठेवू नका. दात कमी असल्याने तेच जास्त झिजते, आणि जुन्या दातांवर नवी चेन लवकर मरते.

आता कोणता भाग कशाचा, ते. इथेच पैसे वाचवायला जाऊन काम फसते.

चेन. पट्ट्या उष्णता-प्रक्रिया केलेल्या मध्यम कार्बन स्टीलच्या आणि पिना पृष्ठभागावर कठीण केलेल्या हव्यात. नकली चेनीत पिना मऊ असतात. चुंबकाने फरक कळत नाही, कारण दोन्ही चिकटतात. हाताने एवढे करा: चेन आडवी धरून सगळे सांधे एकेक वाकवा. एकही अडकता कामा नये आणि एकही पिन बाहेरच्या पट्टीत फिरता कामा नये. रंगीत कड्या मोजा आणि गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या संख्येशी ताडा. कड्यांची एकूण संख्याही मोजा. डब्यावरचा नंबर बरोबर आणि आत चेन दुसरीच, असे होते.

किनाऱ्यावरचा एक नेहमीचा प्रश्न: खाऱ्या हवेत सगळेच गंजते, मग स्टेनलेसची चेन का नको? नेहमीचे ३०४ स्टेनलेस वाढीच्या बाबतीत ॲल्युमिनियमच्या जवळचे आहे, सुमारे १७. त्या हिशेबाने ते उलट चांगलेच. पण ते तापवून कठीण करता येत नाही. पिन आणि बुश एकमेकांना खरवडतात. आणि इंजिनाच्या आत चेन सतत ऑइलमध्ये असते, खारी हवा तिला लागत नाही. गंजते ती दुकानाच्या फळीवर, फाटक्या पुडक्यात. पुडके फुटलेले असेल तर घेऊ नका.

गाईड आणि आर्म. नायलॉनच्या भागावर ओतताना उठवलेली खूण असते. पीए६६ किंवा पीए४६ म्हणजे साधे नायलॉन. पुढे जीएफ३० असेल तर त्यात ३० टक्के काचतंतू आहेत. काचतंतूवाले नायलॉन पाठीच्या सांगाड्यासाठी चांगले, कारण ते ताठ असते आणि कमी वाढते. चेन ज्या पृष्ठभागावर घासते तो मात्र साध्या नायलॉनचा हवा, नाहीतर काचतंतू चेनच्या पट्ट्या खातात. म्हणून बऱ्याच आर्मांत दोन तुकडे असतात: सांगाडा आणि त्यावर क्लिपने बसलेली सरकपट्टी.

ही पट्टी हाताला किंचित हलते आणि अनेकांना तो दोष वाटतो. १५० मिमीची नायलॉन पट्टी ७० अंशांनी ०.८४ मिमी वाढते. तिच्याखालचा ॲल्युमिनियमचा आर्म ०.२३ मिमी. सहा-दशांश मिलिमीटरचा हा फरक क्लिपच्या फटीत जिरतो.

> खबरदारी: पट्टी हलते म्हणून एपॉक्सीने चिकटवू नका. चिकटवलेली पट्टी तापल्यावर मधोमध फुगते, चेन तो फुगवटा खाते आणि तुकडे संपात (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) पडतात.

नायलॉन हवेतली ओल पिते आणि थोडे फुगते. पावसाळ्यात उघडे पडलेले गाईड क्लिपमध्ये घट्ट लागले, तर कानस मारून पातळ करू नका. तेच गाईड गरम ऑइलमध्ये ओल सोडून पुन्हा मापात येते.

बोल्ट. हलत्या आर्मच्या खुंटीचा बोल्ट खांदेवाला असतो. तो घट्ट केल्यावरही आर्म मोकळा फिरतो. हरवला म्हणून साधा एम८ बोल्ट घातला तर आर्म जाम होतो. स्थिर गाईडच्या एका भोकाला कधी लांबट खाच असते, तीही वाढीसाठीच. तिथे मूळचाच बोल्ट आणि मूळचीच बाही घाला.

## ४. तयारी: इंजिन खरेच थंड आहे का

फोंड्याहून पणजीला आलेल्या गाडीचे इंजिन दुपारी उघडायला घेऊ नका. ब्लॉक कित्येक तास उष्णता धरून ठेवतो, आणि हेड व ब्लॉक वेगवेगळ्या वेगाने थंड होतात. आदल्या संध्याकाळी गाडी आत घ्या, सकाळी काम सुरू करा.

हात लावून पाहणे पुरेसे नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो थेट ॲल्युमिनियमवर धरू नका. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण कमी फेकते, म्हणून आकडा खोटा, बहुधा कमी येतो. हेडवर आणि ब्लॉकवर इलेक्ट्रिकच्या काळ्या टेपचा दोन बोटे रुंद तुकडा चिकटवा, पाच मिनिटे थांबा आणि टेपवरच रोखून मापा. दोन्ही जागी फरक ५ अंशांपेक्षा कमी असेल तर कामाला लागा.

बोल्टांसाठीही थंड इंजिन हवे. स्टीलच्या बोल्टने आवळलेले ॲल्युमिनियम तापल्यावर बोल्टपेक्षा जास्त वाढते. गरम असताना टॉर्क लावला, तर थंड झाल्यावर पकड कमी होते आणि कव्हर गळते.

कामाची जागा कोरडी ठेवा. तांबड्या मातीची धूळ चेनच्या सांध्यात गेली की घासायच्या पेस्टसारखे काम करते. बूट, टायर, उघडे दार, सगळीकडून ती येते. उघडे केलेले इंजिन जेवायला जाताना झाकून ठेवा, पण धागे सुटणाऱ्या बनियनच्या चिंध्यांनी नव्हे.

नवी चेन पेट्रोलने धुऊ नका. सांध्यांतले कारखान्याचे ऑइल निघून जाते. बसवण्याआधी अर्धा तास ताज्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

## ५. उघडण्याचा क्रम

१. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ऑइल गाळा. गाळताना भांड्यावर जुनी जाळी ठेवा. नायलॉनचे तुकडे आले तर पुढे संप काढणे ठरले.

२. बेल्ट, व्हॉल्व्ह कव्हर आणि लागेल तो माउंट काढा. इंजिनाखाली जॅक लावताना मध्ये लाकडी फळी ठेवा.

३. क्रँक फक्त चालण्याच्या दिशेनेच फिरवा आणि पहिला सिलिंडर वरच्या टोकावर आणा. चुकून पुढे गेलात तर मागे फिरवू नका, पुन्हा दोन फेऱ्या पुढे घ्या. उलटे फिरवले की ओढ टेन्शनरच्या बाजूवर येते, ढिलाई स्थिर गाईडच्या बाजूला जमा होते आणि चेन दात सोडू शकते.

४. पुली, मग पुढचे कव्हर. कव्हर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. बहुतेक कव्हरांना उचलण्याच्या जागा दिलेल्या असतात.

५. टेन्शनर सोडण्याआधी फोटो घ्या आणि प्लंजर बाहेर किती आला आहे ते व्हर्नियरने मापून लिहा. हे माप नंतर परत मिळत नाही.

६. कॅम लॉक करण्याचे हत्यार लावा. मगच टेन्शनर काढा.

> तपासणी: काढलेल्या गाईडचे सगळे तुकडे टेबलावर जुळवा. एकही तुकडा कमी असेल तर संप काढून ऑइल पंपाची जाळी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाळी अर्धी बुजली की नवा टेन्शनर उपाशी राहतो.

## ६. जुनी चेन मापा

चेन बदलणारच आहात, तरी मापा. चेन थोडीच झिजली असेल आणि गाईड मात्र खोल कापली असेल, तर दोष दुसरीकडे आहे: पूर्वी कोणीतरी ती जास्त ताणली होती.

चेन धुऊन पुसा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हाताने सरळ ताणून धरा. एका पिनच्या डाव्या कडेपासून विसाव्या सांध्यापलीकडच्या पिनच्या डाव्याच कडेपर्यंत मापा. म्हणजे पिनची जाडी वजा करावी लागत नाही. ८ मिमी पिचच्या (शेजारच्या दोन पिनांमधले अंतर) चेनला २० पिचचे माप १६०.० मिमी यायला हवे. ९.५२५ मिमी पिचला १६ पिचचे १५२.४ मिमी. तीन वेगळ्या जागी मापा, सर्वांत मोठे धरा. गाडीच्या पुस्तकात मर्यादा दिली असेल तर ती पाळा. नसेल तर अर्धा टक्का ही सुरक्षित मर्यादा माना: १६०.८ आणि १५३.२ मिमी.

इंजिनातून नुकतीच काढलेली गरम चेन मापली तर चुकाल. १६० मिमीवर ७० अंशांची वाढ ०.१३ मिमी, म्हणजे मर्यादेतला सहावा हिस्सा नुसत्या उष्णतेने जातो.

## ७. स्प्रॉकेट आणि चेन बसवणे

बहुतेक क्रँक स्प्रॉकेटे चावीवर (क्रँकच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) हाताने सरकतात. काही दाबून बसतात, आणि ती ठोकण्याऐवजी तापवून बसवायची असतात. ४० मिमीचे भोक १०० अंशांनी तापवले की जवळपास ०.०५ मिमीने मोठे होते. दाबाच्या बसणीला एवढे सहसा पुरते. म्हणून ३० अंशांवरून १३०, फार तर १५० अंशांपर्यंत तापवा: ऑइलच्या भांड्यात थर्मामीटर ठेवून किंवा गॅरेजच्या ओव्हनमध्ये. (घरच्या ओव्हनमध्ये नको, रविवारच्या केकला महिनाभर ऑइलचा वास येईल.)

> खबरदारी: गॅसच्या ज्योतीने तापवू नका. स्टील निळे पडले म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास गेले आणि दातांची कठीणता उतरली. ते स्प्रॉकेट फेकायचे. व्हीव्हीटीचे स्प्रॉकेट कुठल्याही प्रकारे तापवू नका.

मग स्थिर गाईड, मग चेन. आधी क्रँकवरची रंगीत कडी खुणेवर, नंतर स्थिर गाईडच्या बाजूने चेन घट्ट धरत वर जाऊन कॅमवरच्या कड्या खुणेवर. सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला राहिली पाहिजे. स्थिर बाजूला ढिलाई राहिली तर खुणा बरोबर दिसतात, पण टेन्शनर सोडताच कॅम एक दात मागे जातो. या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक हीच. शेवटी हलता आर्म लावा. खांदेवाला बोल्ट घट्ट केल्यावर आर्म बोटाने हलवून पाहा. स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा.

## ८. टेन्शनर

हायड्रॉलिक टेन्शनरात स्प्रिंग असते, ऑइलच्या दाबाने पुढे जाणारा प्लंजर असतो आणि प्लंजर मागे जाऊ नये म्हणून रॅचेट. या रॅचेटच्या दातांत मुद्दाम थोडी परत जाण्याची सूट ठेवलेली असते. दुसऱ्या विभागातली वाढ तिथेच सामावते. नव्या टेन्शनरचा प्लंजर किंचित आत-बाहेर हलतो, तेव्हा तो "ढिला" म्हणून परत करू नका.

१. ब्लॉकमधले ऑइलचे भोक पाहा. ते एखाद-दोन मिलिमीटरचे असते. जुन्या सिलिकॉनचा एक कण ते बुजवतो. बारीक तार घालून मग हवा मारा.

२. रॅचेटचा खटका दाबून ठेवत प्लंजर हळूहळू आत घ्या. खटका न दाबता शिकंजात आवळला तर दात तुटतात. पूर्ण आत गेल्यावर पिन घाला.

३. गॅस्केटचे भोक ऑइलच्या भोकावर येते ना, पाहा. ती उलटी बसू शकते. टेन्शनरच्या तोंडावर सिलिकॉन लावू नका.

४. बोल्ट टॉर्क पान्याने. एम६ बोल्टाला ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटर लागतो. पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच घ्या. "हाताचा अंदाज" इथे चुड्या (आटे) खातो.

५. सगळे बोल्ट झाल्यावरच पिन ओढा. प्लंजर स्प्रिंगच्या जोरावर स्वतः पुढे येऊन थांबेल. तिथेच सोडा.

> खबरदारी: चेन अजून हलते म्हणून प्लंजर स्क्रू-ड्रायव्हरने पुढे ढकलून आणखी दात काढू नका. टेन्शनरमागे वॉशर तर मुळीच नको. १ मिमीचा वॉशर म्हणजे आर्मच्या त्या २ मिमी जागेतली निम्मी गेली.

प्लंजर किती बाहेर आला ते मापून पाचव्या विभागातल्या आकड्याशेजारी लिहा. नव्या संचात तो जुन्यापेक्षा कमी बाहेर यायला हवा. तेवढाच किंवा जास्त आला तर चेन चुकीची आहे किंवा कडी दात चुकली आहे. इथेच थांबा.

बाहेरून काढता येणाऱ्या टेन्शनरांत आणखी एक फसगत आहे. काढून, रीसेट न करता (म्हणजे प्लंजर पूर्ण आत न घेता), तसाच परत आवळला तर रॅचेट जुन्या जागी अडकलेला राहतो आणि बोल्ट आवळताना प्लंजर चेनला जबरदस्तीने ताणतो. नुसता ऑइल गळतो म्हणून टेन्शनर काढला, तरी परत लावताना पूर्ण रीसेट करा.

## ९. हाताने फिरवा, मग बंद करा

क्रँक चालण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठेही कडक अडथळा आला तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅमच्या स्प्रॉकेटवरच्या खुणा परत जुळायला हव्यात. चेनवरच्या रंगीत कड्या जुळणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. १२२ कड्यांची चेन आणि २० दातांचे क्रँक स्प्रॉकेट असेल तर सगळे एकत्र जुळायला क्रँकच्या १२२ फेऱ्या लागतात. कड्या पुढे सरकल्या म्हणून घाबरून बरोबर बसलेली चेन पुन्हा उघडणारे कमी नाहीत.

कव्हरच्या जुन्या सिलिकॉनचा शेवटचा पापुद्राही काढा. नवे सिलिकॉन ३ मिमीच्या सलग दोरीसारखे, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर जरा जास्त. हे सिलिकॉन हवेतल्या ओलीने जमते. जुलैतल्या दमट हवेत त्यावर साय लवकर धरते, म्हणून लावल्यावर पाच मिनिटांत कव्हर बसवा. साय धरलेले सिलिकॉन चिकटत नाही, नुसते दाबले जाते.

## १०. ऑइल आणि पहिला स्टार्ट

ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचे. "गोव्यात गरम, म्हणून २०डब्ल्यू-५० घाला" हा सल्ला जुन्या इंजिनांचा. ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० साठी केलेल्या बारीक भोकांतून जाड ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोचते आणि सकाळची खडखड परत येते.

सिलिकॉन जमायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. मग इंधन पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, स्टार्टर मारा. डिझेलला इंजेक्टरचे कनेक्टर काढून. ऑइलचा लाल दिवा विझला की फ्यूज लावा आणि स्टार्ट करा. पहिल्या वेळी दोन-तीन सेकंद आवाज येईल. टेन्शनर भरेपर्यंत तेवढा चालतो.

आयडलवर ठेवा, रेस करू नका. रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा, आणि लांब स्क्रू-ड्रायव्हर कव्हरला टेकवून मूठ कानाला लावून ऐका. आता उष्णता काय करते ते कळते:

- थंड असताना शांत, तापत जाईल तशी बारीक शिट्टीसारखी धार वाढते: चेन जास्त ताणली आहे. वाढीला जागा नाही. टेन्शनर उघडा, रीसेट करा, वॉशर शोधा.
- थंड असताना शांत, पूर्ण तापल्यावर आयडलला खडखड: ऑइल तापून पातळ झाले आणि दाब पडला. ऑइलचा ग्रेड, पंपाची जाळी, टेन्शनरचे भोक या क्रमाने पाहा.
- थंड असताना खडखड, तापल्यावर शांत: इंजिन वाढून ढिलाई भरून काढते आहे, टेन्शनर काढत नाही. प्लंजर अडकला आहे किंवा पिनचा तुकडा आत राहिला आहे.

खरी चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवा आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी तो थंड स्टार्ट ऐका. संध्याकाळी "आत्ताच न्यायची आहे" म्हणून गाडी सोडली की ही चाचणी त्यांच्या दारात होते.

१००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, पुस्तक काहीही म्हणो. सिलिकॉनचे कण आणि नव्या चेनचा सुरुवातीचा कीस त्यात निघून जातो. पर्वरी ते पणजी अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्याच करणारी गाडी असेल, तर पुढेही बदल किलोमीटरवर न ठेवता महिन्यांवर ठेवा. अशा फेऱ्यांत ऑइल पूर्ण तापत नाही, त्यात पेट्रोल आणि पाणी साठते आणि पिना-बुश तेच ऑइल पितात. पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग फिरवायला सांगा. जागेवर पाच मिनिटे चालू ठेवण्याने उलट ओल वाढते. आणि बिलावर प्लंजरचे दोन्ही आकडे, चेनचा नंबर आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्याला पहिल्यांदा तेच लागतील.